मोटरहोम घेऊन फेरीबोटीत चढताना: नवख्यांसाठी

मोटरहोमच्या, म्हणजे आतच झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीच्या, जाहिराती एकच गोष्ट विकतात: वाटेल तिथे थांबा, वाटेल तेव्हा निघा. वाटेत समुद्र येईपर्यंत ते बरंचसं खरंही असतं. धक्क्यावर पोचलात की गाडीची लांबी-उंची मोजली जाते, निघायची वेळ दुसराच कुणी ठरवतो, गॅस बंद करायला लावतात आणि बोट चालू असताना तुमच्याच गादीवर पडायची तुम्हाला मुभा नसते. तरीही जमिनीचा रस्ता उपलब्ध असताना बहुतेकदा फेरीबोटीचा रस्ता निवडावा, असं माझं मत आहे. फक्त नियोजनाचा क्रम उलटा ठेवावा लागतो. आधी बोट ठरवायची आणि बाकीचा प्रवास तिच्या आजूबाजूला सैलसर बसवायचा. नवखे लोक बहुधा आधी मुक्काम ठरवतात, मग बोट शोधतात आणि तिथेच अडकतात.

आधी गाडी मोजा

भाड्याच्या मोटरहोमच्या माहितीत ‘चौघांना झोपायची सोय’ ठळक अक्षरांत असते, पण बोटवाल्यांना त्याचं काही नसतं. त्यांना हवी असते लांबी आणि उंची. व्हॅनमध्ये बदल करून केलेली कॅम्परव्हॅन साधारण साडेपाच ते साडेसहा मीटर लांब असते, पूर्ण मोटरहोम सहा ते साडेसात मीटर किंवा त्याहून मोठं. उंची अडीच मीटरच्या पुढेच, कधी तीनच्याही वर. कंपनीच्या कागदावरचा आकडा बहुधा कोऱ्या गाडीचा असतो. मागे सायकलींचा स्टँड असेल, छतावर एसी किंवा डिश असेल, तर ते धरून मोजायचं.

याचं कारण बोटीच्या पोटात आहे. जास्त गाड्या मावाव्यात म्हणून बऱ्याच फेरीबोटींवर लहान गाड्यांसाठी कमी उंचीचे मजले असतात. तिथे मोटरहोम शिरतच नाही. त्याला ट्रक आणि बस यांच्याबरोबर उंच डेकवर जागा मिळते आणि ती जागा मोजकीच असते. कॅनडातल्या बी.सी. फेरीज या कंपनीच्या बोटींवर तर ७ फुटांच्या, म्हणजे सुमारे २.१३ मीटरच्या वरची गाडी ‘उंच’ ठरते. या हिशेबात झाडून सगळी मोटरहोम उंचच. ‘कार’ म्हणून तिकीट काढून धक्क्यावर गेलात, तर फरकाचे पैसे भरून सुटलात तरी नशीब म्हणायचं. उंच गाड्यांची जागा भरलेली असेल, तर बोट तुमच्या डोळ्यांदेखत निघून जाते.

उंची-लांबी-वजनाची चिठ्ठी लिहून ड्रायव्हरच्या समोर चिकटवा, मीटरमध्येही आणि फुटांतही. बोटीइतकीच ती कमी उंचीच्या पुलांखाली उपयोगी पडते.

कागदपत्रं: कंटाळवाणी, पण इथेच खोळंबा होतो

भाड्याच्या गाडीला समुद्र ओलांडायची परवानगी आहे का, हे करारात वाचा; तोंडी होकार धरू नका. काही कंपन्या परवानगी देतात, पण बोटीवर झालेलं नुकसान विम्यात धरत नाहीत. छत आणि गाडीचा खालचा भाग हे दोन्ही विम्यातून वगळण्याची पद्धत तर सर्रास आहे, आणि बोटीत चढायच्या रॅम्पवर घासतो तो नेमका खालचाच भाग.

युरोपात साध्या कारच्या लायसन्सवर एकूण ३,५०० किलो वजनापर्यंतची गाडी चालवता येते. हे वजन भरलेल्या गाडीचं असतं. शंभर लिटरची पाण्याची टाकी भरली की शंभर किलो तिथेच गेले.

व्हिसा लागणाऱ्यांसाठी एक सापळा आहे. बोटीत चढणं म्हणजे कधी कधी देश सोडणं असतं. ब्रिटन शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही, त्यामुळे फ्रान्समधून बोटीने इंग्लंडला जाऊन परत यायचं तर शेंगेनचा एकाच प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही. इंग्लंडच्या डोव्हरहून फ्रान्सच्या कॅलेला जाताना फ्रेंच अधिकारी डोव्हरलाच, बोटीत चढण्याआधी तपासणी करतात. त्यासाठी जादा वेळ हाताशी ठेवावा. डेन्मार्कच्या हर्ट्शाल्सहून आइसलंडला जाणारी ‘नोरोना’ ही बोट वाटेत फेरो बेटांना थांबते. ही बेटं शेंगेनमध्ये नाहीत आणि तिथे उतरून फिरायचं तर व्हिसावर त्यांचा स्पष्ट उल्लेख लागतो.

बोट कशी निवडायची

फेरीबोटी दोन जातींच्या. पहिली जात वेळापत्रकाची आणि आगाऊ आरक्षणाची. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टन ते पिक्टन हा कुक सामुद्रधुनीतला सुमारे साडेतीन तासांचा प्रवास, ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून टास्मानिया बेटावर जाणारी ‘स्पिरिट ऑफ टास्मानिया’, इंग्लंडच्या प्लिमथहून स्पेनच्या सांतांदेरला जाणारी बोट. तिथला सुट्टीचा हंगाम असेल तेव्हा उंच गाड्यांची जागा फार आधी संपते. न्यूझीलंडचा उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी असतो, हे उत्तर गोलार्धातून जाणारे हटकून विसरतात.

दुसरी जात नॉर्वेच्या फ्योर्डमधल्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाड्यांमधल्या, बोटींची. त्यातल्या बहुतेकींना आरक्षण नसतं. रांगेत उभं राहा, बोट आली की चढा, पलीकडे उतरा. बऱ्याच मार्गांवर नंबर प्लेटचा फोटो निघतो आणि बिल मागून येतं. त्यातल्या लाविक-ओपेदाल मार्गावर २०१५ साली ‘अँपियर’ ही पूर्ण बॅटरीवर चालणारी, वाहनं नेणारी पहिली फेरी सुरू झाली. अशा बोटींसाठी डोकेफोड करू नका. फक्त रात्रीची शेवटची फेरी किती वाजता आहे तेवढं बघून ठेवा. नवख्या माणसाने आपली पहिली बोट शक्यतो याच जातीची निवडावी. अर्ध्या तासात चढण्या-उतरण्याचा सराव होतो आणि चुकलंच तर पुढची बोट येतेच.

लांबचा प्रवास असेल तर हिशेब केवळ तिकिटाचा करू नका. प्लिमथ-सांतांदेर बोट जवळजवळ वीस तास घेते आणि महाग वाटते. पण तिने अख्खा फ्रान्स आडवा पार करायचा वाचतो: डिझेल, टोल, मधले मुक्काम आणि मुख्य म्हणजे ड्रायव्हरची कंबर. जिथे बोट फक्त तासभर वाचवते, तिथे मात्र रस्त्यानेच जावं.

परतीचं तिकीट बदलता येणारं घ्या, थोडं महाग पडलं तरी. जाताना स्वस्त तिकीट चालतं, कारण जाताना उशीर झाला तर फक्त फिरायचा एखादा दिवस जातो.

आदल्या दिवसाची कामं

शक्य तर आदल्या संध्याकाळीच बंदराच्या आसपास मुक्कामाला या. चेक-इन बोट सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं, आणि मोटरहोमने ‘दोन तासांचा रस्ता’ दोन तासांत कधीच होत नाही. काही बंदरांच्या रांगेत रात्रभर थांबू देतात, काही ठिकाणी हुसकावतात; आधी विचारून घ्या.

सांडपाण्याची टाकी आणि शौचालयाची कॅसेट (मैला साठणारी, काढता येणारी टाकी) कॅम्पसाइटवर रिकामी करा. बोट डोलायला लागली की अर्धी भरलेली कॅसेट काय करते याची कल्पना मुद्दाम लिहीत नाही.

फ्रिजमधलं सामानही बघा. टास्मानियात बोटीतून उतरताना ताजी फळं, भाज्या आणि रोपं काढून घेतात. कीड आणि रोग बेटावर येऊ नयेत म्हणून. अशी बंधनं असलेल्या ठिकाणी जाण्याआधी आहे ते शिजवून संपवावं आणि पलीकडे जाऊन नवीन भरावं.

गॅस

या प्रकरणावर थोडा जास्त वेळ घालवा. स्वयंपाकाचा आणि हीटरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. उघड्यावर गळती झाली तर वाऱ्याने पांगतो. बोटीच्या बंद डेकवर तो खाली साचून राहतो आणि आजूबाजूला शेकडो गाड्यांची इंधनं असतात. म्हणून चढण्याआधी गॅस बंद करायला सांगतात. बंद म्हणजे शेगडीचा कान फिरवणं नव्हे, सिलिंडरवरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करणं. काही ठिकाणी कर्मचारी स्वतः येऊन बघतात आणि चिकटपट्टी लावतात. किती सिलिंडर चालतील याचीही मर्यादा असू शकते, आणि सुट्या डब्यातलं पेट्रोल बहुतेक ठिकाणी चालत नाही.

लगेच पुढचा प्रश्न येतो: फ्रिजचं काय? अनेक मोटरहोममधले फ्रिज गॅस, १२ व्होल्ट आणि बाहेरची वीज अशा तिन्हींवर चालतात. पण १२ व्होल्टवर तो इंजिन चालू असेपर्यंतच चालतो, नाहीतर बॅटरी बसेल. म्हणजे डेकवर इंजिन बंद केलं, गॅस बंद केला की असा फ्रिज पूर्ण बंद. घाबरू नका. आदल्या रात्री तो पूर्ण थंड करा, मोकळ्या जागी गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या भरा आणि पलीकडे पोचेपर्यंत दार उघडू नका. तीन-चार तासांच्या प्रवासात काही बिघडत नाही. रात्रभराचा प्रवास असेल तर दूध, मांस, मासे आत ठेवू नका. कॉम्प्रेसरवाला फ्रिज असेल तर तो गाडीतल्या राहण्याच्या भागासाठी असलेल्या वेगळ्या बॅटरीवर चालत राहतो आणि ही सगळी चिंता मिटते. भाड्याने घेताना हा प्रश्न जरूर विचारा.

दुसरी अडचण पलीकडच्या किनाऱ्यावर भेटते. युरोपात सिलिंडरची तोंडं देशागणिक वेगळी आहेत, आणि एका देशातला रिकामा सिलिंडर दुसऱ्या देशात बदलून मिळेलच असं नाही. म्हणून समुद्र ओलांडण्याआधी एक सिलिंडर भरलेला असू द्या. थंडीत निघाला असाल तर तो प्रोपेनचा हवा. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच वायू व्हायचा थांबतो, प्रोपेन उणे चाळीसपर्यंत साथ देतो. रात्री हीटर बंद पडण्यामागे कित्येकदा एवढंच कारण असतं.

रांग आणि रॅम्प

धक्क्यावर लेनचा क्रमांक देतात. ती लेन सोडू नका, शेजारची रांग लवकर हलली तरी. गाड्या कोणत्या क्रमाने भरायच्या हे जहाजाचा तोल बघून ठरतं, आलेल्या क्रमाने नाही. लांब गाडी, मागे सायकलींचा स्टँड किंवा खालून लोंबणारा पाइप असेल तर चेक-इनलाच सांगा. रॅम्पवर चाकं पोचल्यावर सांगून उपयोग नसतो.

नवख्याला खरी भीती वाटावी असा हा एकच टप्पा आहे. मोटरहोमच्या मागच्या चाकांच्या मागे शरीराचा बराच भाग अधांतरी असतो. ओहोटीच्या वेळी पाणी खाली गेलेलं असतं, रॅम्प तीव्र उताराचा होतो, आणि जिथे सपाट धक्का संपून चढ किंवा उतार सुरू होतो तिथे ही शेपटी जमिनीला घासते. पहिल्यांदा तुटतो तो सांडपाण्याचा नळ. उपाय साधे आहेत. सायकली काढून आत ठेवा. अगदी हळू, पायी चालण्याच्या वेगाने, न थांबता जा. मधेच ब्रेक मारला की गाडीचं नाक किंवा शेपूट आणखी खाली बसतं. कोन फारच वाईट असेल तर खलाशांना फळ्या टाकायला सांगा, त्यांना यात नवीन काही नसतं. तारखा हाताशी असतील तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच बोट निवडा.

लोखंडी रॅम्प ओला असतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, मागे जड भरलेल्या गाडीची चाकं चढावर जागीच फिरतात. ॲक्सिलरेटर दाबून उपयोग नाही, उलट हलकेच सोडायचा.

आत खलाशी हाताने खुणा करतात. आरशात बघत बसू नका, त्याच्या हाताकडे बघा. तो तुमच्या गाडीचा आरसा भिंतीपासून बोटभर अंतरावर नेईल आणि अजून पुढे या म्हणेल. त्याने तुमच्यासारख्या हजारो गाड्या लावल्या आहेत. काही लहान बोटींवर रिव्हर्समध्ये चढावं लागतं. तेव्हा सोबतच्या माणसाला खाली उतरवून मदतीला घेण्याचा मोह आवरा. एकाच वेळी दोघांच्या खुणा पाळता येत नाहीत.

गाडी उभी राहिली की हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये किंवा ‘पी’मध्ये ठेवा. छताच्या खिडक्या बंद, बाहेरची पायरी आत. अलार्मचा आतली हालचाल टिपणारा सेन्सर बंद करा, नाहीतर बोट हलताच तो ठणाणा करतो आणि प्रवासभर तुमच्या नंबर प्लेटची घोषणा होते. मग डेकचा क्रमांक आणि जिन्याचा रंग यांचा मोबाइलवर फोटो काढा. उतरायच्या वेळी शेकडो माणसं आपली गाडी कुठल्या मजल्यावर ते शोधत असतात.

वर जाताना पिशवी भरून न्या

बोट निघाली की बहुतेक ठिकाणी वाहनांच्या डेकवर परत जाता येत नाही. म्हणून औषधं, कागदपत्रं, चार्जर, गरम कपडे, मुलांचं खाणं हे सगळं एकाच पिशवीत आधीच भरून ठेवा. ती रांगेत उभं असतानाच भरायची, डेकवर नाही. तिथे तुमच्यामागे गाड्या खोळंबलेल्या असतात.

डेक बंद ठेवायचा नियम अनेकांना जाचक वाटतो, पण त्याला कारण आहे. वाहनांचा डेक म्हणजे आडव्या भिंती नसलेलं लांबलचक दालन असतं. तिथे थोडं पाणी शिरलं तरी ते एका बाजूला धावतं आणि जहाजाचा तोल घालवतं. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुग बंदरातून निघालेली ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ पुढचं दार उघडं राहिल्याने काही मिनिटांत कलंडली आणि १९३ जणांचा जीव गेला. आग लागली तरी या दालनातून सुटायला फार वेळ नसतो. तुमची गादी खाली रिकामी पडली आहे याचं वाईट वाटून घेऊ नका.

याला एक सुंदर अपवाद आहे. इटली आणि ग्रीसच्या दरम्यान एड्रियाटिक समुद्रातल्या काही बोटींवर उन्हाळ्यात उघड्या डेकवर गाडी लावून स्वतःच्या मोटरहोममध्येच झोपू देतात. गॅस तिथेही बंदच ठेवायचा, पण विजेची जोडणी मिळते. ही जागा वेगळी मागून घ्यावी लागते आणि सगळ्याच बोटींवर ती नसते.

बोट लागणाऱ्यांनी गोळी बोट सुटण्याआधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा फायदा नाही. गाडी चालवणाऱ्याने झोप आणणारी गोळी टाळावी किंवा उतरल्यावर स्टिअरिंग दुसऱ्याला द्यावं. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर हलणं सगळ्यात कमी असतं. पुढच्या मोठ्या काचेजवळची जागा देखाव्यासाठी उत्तम आणि पोटासाठी सगळ्यात वाईट. क्षितिजाकडे बघत राहावं, मोबाइल खिशात ठेवावा. रात्रीच्या बोटीत केबिनचे पैसे वाचवून खुर्चीत झोपायचा बेत तरुणांनी करावा. सकाळी उतरल्यावर साडेतीन टनांची गाडी चालवायची असेल तर केबिन घ्या.

सुखाची बाजू खरी इथेच आहे. ड्रायव्हरसकट सगळ्यांनी एकाच वेळी खिडकीबाहेर बघायचं, हे मोटरहोममध्ये एरवी कधीच होत नाही. नॉर्वेत बोदोहून मोस्केनेसला जाताना लोफोटेन बेटांचे डोंगर समुद्रातून हळूहळू वर येताना दिसतात. पिक्टनच्या आधीचा शेवटचा तास क्वीन शार्लट साउंड या खाडीच्या हिरव्या टेकड्यांमधून, जवळजवळ स्थिर पाण्यातून जातो. एवढ्यासाठी दिवसाची बोट घ्यावी.

उतरताना

पुढची गाडी हलेपर्यंत इंजिन सुरू करू नका. बंद डेकवर धूर कोंडतो. गॅसचा व्हॉल्व्ह बाहेर पडल्यावर, मोकळ्या हवेत उघडा.

डोव्हरला डावीकडून गाडी चालवत चढता आणि कॅलेला उजवीकडून चालवत उतरता. बंदरातून बाहेर पडेपर्यंत खुणा तुम्हाला बरोबर नेतात. चूक होते ती नंतर, पहिल्या रिकाम्या रस्त्यावर किंवा पेट्रोल पंपातून बाहेर येताना. पहिला दिवसभर शेजारच्याने प्रत्येक वळणावर मोठ्याने बाजू सांगावी. हेडलाइटचा झोतही बदलावा लागतो, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांवर जातो.

बोटीतून अख्खा ताफा एकदम बाहेर पडतो आणि त्यातली सगळ्यात संथ गाडी तुमची असते. पहिल्या मोकळ्या जागी बाजूला घ्या, चहा टाका, सगळ्यांना जाऊ द्या. स्कॉटलंडच्या बेटांवर एकपदरी रस्त्यांना ठरावीक अंतरावर बाजूला व्हायच्या जागा असतात. त्या मागच्याला पुढे सोडण्यासाठीही वापरायच्या असतात, आणि तिथे रात्री मुक्काम कधीच करायचा नसतो. आइसलंडला सेद्दिसफ्योर्दूरला उतरलात तर गावाबाहेर पडताच सहाशे मीटर उंचीची खिंड चढावी लागते. ढग खाली असतील तर तासभर गावातच थांबा. कॅम्परमध्ये झोपायचं तर आइसलंडमध्ये कॅम्पसाइट गाठावी लागते. वाटेत कुठेही थांबून झोपायची मुभा नाही.

बोट रद्द झाली तर

होणारच, असं धरून चाला. कुक सामुद्रधुनी, स्कॉटलंडची बेटं, उत्तर अटलांटिक इथे सोसाट्याचा वारा सुटला की बोटी थांबतात आणि कुणाचाही इलाज नसतो. अशा वेळी मोटरहोमवाला बाकी उतारूंपेक्षा सुखी असतो. ते हॉटेल शोधत फिरतात, तुमचं घर बरोबर असतं. दोन दिवसांचं कोरडं खाणं, पाण्याची भरलेली टाकी आणि भरलेला सिलिंडर असेल तर बंदरापासून थोडं लांब, वाऱ्याच्या आडोशाला कॅम्पसाइट गाठा. गाडीचं तोंड वाऱ्याकडे ठेवा, बाजूने वारा घेतला तर रात्रभर पाळणा हलतो. कंपनीचा संदेश आला की लगेच पुढच्या फेरीचं आरक्षण बदला. उंच गाड्यांच्या जागा मोजक्या असल्याने रद्द झालेल्या बोटीतली सगळी मोटरहोम त्याच जागांमागे लागलेली असतात.

म्हणून परतीची बोट आणि गाडी परत करायची तारीख यांच्यात किमान एक पूर्ण दिवस सोडा, हिवाळ्यात किंवा लांबच्या मार्गावर दोन. विमान त्याच्याही पुढे. मोकळा सोडलेला दिवस वापरावा लागला नाही, तर गाडी धुणं, टाक्या रिकाम्या करणं आणि डिझेल भरणं यात तो सहज जातो. ही कामं भाड्याच्या करारात असतातच आणि शेवटच्या सकाळी करायला गेलात तर उशिराचा दंड बसतो.